पन्नास क्रमांकाचा एकाकी रस्ता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर घेतला, तर पश्चिमेकडे कॅलिफोर्निया आणि युटा यांच्यामध्ये नेव्हाडा हे राज्य दिसते. देशातील हे सर्वांत कोरडे राज्य. त्याला पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्या रस्त्यांपैकी दोन रस्ते आपण निवडू. उत्तरेकडचा रस्ता म्हणजे ८० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग. त्यावर ट्रकांची वर्दळ रात्रंदिवस चालू असते आणि लोहमार्गही त्याच्या सोबतीने जातो. राज्याच्या मध्यावर या रस्त्याच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर ५० क्रमांकाचा महामार्ग आहे. जुलै १९८६ मध्ये 'लाइफ' या मासिकाने त्याला 'अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता' असे नाव दिले. फॅलन ते ऑस्टिन हे अंतर सुमारे १७७ किलोमीटर, ऑस्टिन ते युरेका ११३ आणि युरेका ते ईली १२४. या टप्प्यांत गाव म्हणावे असे काही लागत नाही.

एखादा वाळवंटी रस्ता ओस असावा यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण इतिहास पाहिला म्हणजे नवल वाटू लागते. खंड ओलांडणारी सर्वांत वेगवान टपालसेवा याच मध्य मार्गाने धावली. खंड जोडणारी पहिली विजेची तारही याच वाटेने गेली. मोटारींसाठी आखलेला खंडपार रस्ताही येथूनच नेण्यात आला. आणि तरीही रेल्वे उत्तरेला गेली, तिच्यामागून आजचा मोठा महामार्गही उत्तरेला गेला. असे का झाले? दोन्ही वाटांसमोर वाळवंट तेच होते, डोंगरही तेच होते. मग कोणाला एक वाट सोयीची वाटली आणि कोणाला दुसरी, हे कशावरून ठरले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूशास्त्र, यंत्रशास्त्र आणि इतिहास हे तीनही विषय एकत्र येतात. म्हणूनच हा रस्ता शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

ताणलेली जमीन

पश्चिमेला सिएरा नेव्हाडा आणि पूर्वेला वॉसॅच या पर्वतांच्या दरम्यानच्या प्रदेशाला 'ग्रेट बेसिन' म्हणतात. येथे पडलेले पाणी समुद्राला मिळत नाही. नद्या वाहतात, पण खाऱ्या सरोवरांत किंवा चिखलाच्या सपाट मैदानांत जिरून जातात. १८४३-४४ च्या सफरीत जॉन फ्रेमाँट याच्या ही गोष्ट ध्यानात आली आणि या प्रदेशाचे हे नाव त्यानेच रूढ केले. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेव्हाडा चढताना आपले बहुतेक पाणी तिच्या पश्चिम उतारावर टाकतात. पूर्वेकडचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. फॅलनला वर्षाकाठी सुमारे सव्वाशे मिलिमीटर पाऊस मिळतो.

पण ग्रेट बेसिन म्हणजे एकच मोठी परात नव्हे. येथे उत्तर-दक्षिण पसरलेल्या डझनावारी डोंगररांगा एकमेकींना समांतर उभ्या आहेत आणि प्रत्येक दोन रांगांमध्ये एक लांबट सपाट खोरे आहे. भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांना नकाशावरच्या या रांगा पाहून सुरवंटांची फौज आठवली होती.

अशी रचना कशी झाली? गेल्या सुमारे पावणेदोन कोटी वर्षांत हा प्रदेश पूर्व-पश्चिम दिशेने ताणला गेला आहे. भूकवचाचा वरचा थर कठीण आणि ठिसूळ असतो. तो ताणला की रबरासारखा लांबत नाही, त्याला भेगा पडतात. या भेगांवर, म्हणजे प्रस्तरभंगांवर, जमिनीचे तुकडे खालीवर सरकतात व कलतात. शाळेत आपण गट पर्वत आणि खचदरी शिकवतो, त्यांचे इतके ठळक आणि इतके वेळा पुन्हा पुन्हा येणारे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. फळीवर पुस्तके घट्ट उभी लावा आणि टोकाचा आधार थोडा सरकवा. सगळी पुस्तके एका बाजूला कलतील. त्यांच्या वर आलेल्या कडा म्हणजे डोंगर आणि मधल्या खाचा म्हणजे खोरी. प्रत्यक्षात या खाचा डोंगरांवरून झिजून आलेल्या गाळाने भरून सपाट झाल्या आहेत.

ताणल्यामुळे येथील भूकवच पातळही झाले आहे. त्याची जाडी सुमारे ३० किलोमीटर भरते. शेजारच्या प्रदेशांत ती याहून बरीच जास्त आहे. ताणण्याची ही क्रिया थांबलेली नाही. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीनुसार सिएरा नेव्हाडा खंडाच्या स्थिर भागापासून वर्षाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने वायव्येकडे सरकत आहे.

आता रस्त्याकडे वळू. ताण पूर्व-पश्चिम असल्याने डोंगर उत्तर-दक्षिण झाले. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला खोऱ्यातून सरळ सपाटीने जाता येते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला मात्र एकेक रांग ओलांडावी लागते. पन्नास क्रमांकाचा रस्ता नेमका तसाच जातो. ऑस्टिनजवळची खिंड सुमारे २,२८० मीटर उंचीवर, त्यानंतर हिकिसन २,०००, पिंटो २,२५०, पॅनकेक १,९९०, लिटल अँटिलोप २,२७०, रॉबिन्सन २,३२०, कॉनर्स २,३५० आणि युटाच्या सीमेपूर्वीची सॅक्रामेंटो २,१८० मीटरवर. या खिंडींच्या मधली खोरी बहुतेक १,८०० ते १,९०० मीटरच्या आसपास आहेत. चढा, उतरा, सरळ रेषेत मैदान तुडवा आणि पुन्हा चढा, असा हा प्रवास आहे.

गेलेल्या पाण्याच्या खुणा

आज जेथे धूळ उडते तेथे शेवटच्या हिमयुगात पाणी होते. त्या वेळी हवा थंड होती, बाष्पीभवन कमी होते आणि खोऱ्यांमध्ये सरोवरे साठली होती. पश्चिम नेव्हाडातील लाहोन्टान सरोवर ऐन भरात असताना सुमारे २२,००० चौरस किलोमीटर पसरले होते. त्याच्या लाटांनी कोरलेल्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा फॅलनच्या परिसरातील डोंगरांवर आजही पायऱ्यांसारख्या दिसतात.

फॅलनच्या पूर्वेला रस्त्यालगत ग्राइम्स पॉइंट येथे काळ्या खडकांवर प्राचीन माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. याच परिसरातील स्पिरिट गुहेत १९४० मध्ये चटईत गुंडाळून पुरलेल्या एका माणसाचा देह सापडला होता. तो सुमारे १०,६०० वर्षांपूर्वीचा असल्याचे पुढे कार्बन कालमापनाने ठरले. हा मनुष्य आजच्या मूळ रहिवाशांचा पूर्वज असू शकतो का, यावर मोठा वाद झाला. अखेर जनुकीय तपासणीने त्याचे नाते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी जोडले. २०१६ मध्ये त्याचे अवशेष फॅलनच्या पायूट-शोशोनी जमातीकडे परत देण्यात आले. रस्त्याचा इतिहास सांगताना तो टपालाच्या घोड्यांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. ती किती अपुरी आहे हे यावरून कळावे.

आणखी पूर्वेला सुमारे १८० मीटर उंचीचा वाळूचा एक डोंगर रस्त्यावरूनच दिसतो. आटलेल्या सरोवराच्या तळाची व काठची वाळू वाऱ्याने येथे आणून रचली आहे. या वाळूचे कण कोरडे, गोलसर आणि जवळजवळ एकाच आकाराचे आहेत. उतारावरून वाळूचा थर घसरू लागला की त्यातून विमानाच्या घरघरीसारखा खोल आवाज निघतो. असे 'बोलणारे' वाळूचे डोंगर जगात मोजकेच आहेत. या टेकडीच्या परिसराबाहेर कोठेही न आढळणारे एक लहानसे निळे फुलपाखरूही येथे राहते.

झऱ्यापासून झऱ्यापर्यंत

१८४० च्या दशकात पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या बैलगाड्यांच्या तांड्यांनी उत्तरेकडची हम्बोल्ट नदीची वाट धरली. बैलांना रोज पाणी आणि गवत लागते, आणि नदीकाठी दोन्ही मिळत. वाट मात्र वळणाची होती. १८५९ मध्ये लष्करी स्थलवर्णन विभागाचे कॅप्टन जेम्स सिम्प्सन यांनी युटातील कँप फ्लॉइडपासून सिएरा नेव्हाडाच्या पायथ्यापर्यंत सरळ मध्यातून जाणाऱ्या मार्गाची मोजणी केली. त्यामुळे ३०० किलोमीटरहून अधिक अंतर वाचणार होते. डोंगर आडवे येत, पण त्याच डोंगरांच्या पायथ्याशी झरे होते. शिखरांवरचे हिम वितळून मुरलेले पाणी तेथे बाहेर पडत असे. हे झरे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा शोशोनी, गोशूट व पायूट लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. सिम्प्सन यांनी त्या कागदावर आणल्या.

३ एप्रिल १८६० रोजी 'पोनी एक्सप्रेस' ही घोडेस्वारांची टपालसेवा सुरू झाली. मिसुरीतील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपर्यंतचे सुमारे ३,१०० किलोमीटरचे अंतर टपाल दहा दिवसांत कापू लागले. दर १५ ते २५ किलोमीटरवर एक डाकचौकी असे. तेथे स्वार ताजा घोडा घेई. चौकी कोठे बांधायची हे घोड्याचा दम आणि पाण्याची जागा या दोन गोष्टी ठरवीत. काही चौक्यांवर पाणी बाहेरून वाहून आणावे लागे. सँड स्प्रिंग्ज आणि कोल्ड स्प्रिंग्ज या चौक्यांच्या दगडी भिंतींचे अवशेष आजच्या रस्त्याजवळ उभे आहेत. ऑस्टिनच्या पुढे मात्र टपालाची वाट आजच्या रस्त्याच्या उत्तरेने जात असे.

चौक्यांनी झरे व्यापले, गुरांनी गवत खाल्ले. ज्या पिनियन पाइनच्या बियांवर स्थानिक लोक हिवाळा काढत, ती झाडे सरपणासाठी तुटू लागली. मे १८६० मध्ये कार्सन नदीकाठच्या एका चौकीतील माणसांनी दोन पायूट मुलींना कोंडून ठेवले. त्यावरून त्या चौकीवर हल्ला झाला आणि युद्ध पेटले. टपालसेवा काही आठवडे खंडित झाली. वाळवंटातला झरा ज्याच्या ताब्यात जातो त्याच्या ताब्यात तो प्रदेश जातो, हे दोन्ही बाजूंना पुरते माहीत होते.

त्याच वर्षी या वाटेने घोडागाडीतून रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी गेला. गोव्यावरही त्याचे एक पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी मार्क ट्वेन आपल्या भावाबरोबर कार्सन सिटीला आला तोही याच रस्त्याने.

पोनी एक्सप्रेसचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे ठरले. १८६१ च्या उन्हाळ्यात दोन्ही टोकांकडून तारायंत्राचे खांब रोवणे सुरू झाले. झाडे नसलेल्या या मुलखात खांब दूरच्या डोंगरांतून ओढून आणावे लागले. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे तार जोडली गेली. दहा दिवसांचा निरोप काही मिनिटांत जाऊ लागला आणि दोनच दिवसांनी पोनी एक्सप्रेस बंद झाल्याचे जाहीर झाले.

गुळगुळीत वाटेला चढ महाग

यानंतर रेल्वेची पाळी आली. सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग नेव्हाडात हम्बोल्ट नदीच्या काठाने गेला आणि १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमोंटरी येथे पूर्वेकडच्या लोहमार्गाला मिळाला. सिम्प्सनची जवळची वाट रेल्वेने घेतली नाही. कारण समजून घेण्यासाठी थोडे गणित करू.

सपाट जमिनीवर एक टन ओझे ओढायला किती बल लागते? जुन्या काळच्या रेल्वेगाडीत साधारण ५ किलोग्रॅम भाराइतके. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच थोड्या विरोधाने फिरते. बऱ्यापैकी कच्च्या रस्त्यावर बैलगाडीला मात्र ४० किलोग्रॅमच्या आसपास लागते. आता ५० मीटरला १ मीटर असा चढ आला असे समजा. चढामुळे दोन्ही गाड्यांना टनामागे सारखेच जादा बल लागते. ते ओझ्याचा पन्नासावा भाग, म्हणजे २० किलोग्रॅम होते. बैलगाडीचे बल ४० वरून ६० झाले, म्हणजे दीडपट. रेल्वेचे ५ वरून २५ झाले, म्हणजे पाचपट! रेल्वेचा जो मोठा गुण, तोच चढावर तिचा दोष ठरतो. शिवाय इंजिनाची चाके घर्षणाच्या जोरावर पुढे जातात. चढ फार झाला की ती जागीच घसरू लागतात.

आपल्या भोर घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या मार्गावर गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात हे आपल्यातील अनेकांनी पाहिले असेल. तेथे घाट एकदा चढला की दख्खनचे पठार लागते. नेव्हाडाच्या मध्य मार्गावर घाट चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. एका रांगेची चढण ४५० मीटर धरली, तर १०० मीटरला ६ मीटर असा चढ असलेल्या रस्त्याला साडेसात किलोमीटर लांबी पुरते. १०० मीटरला २ मीटर एवढाच चढ चालणाऱ्या लोहमार्गाला साडेबावीस किलोमीटर लागतात. तेवढेच पुन्हा उतरताना. आणि अशा रांगा एकामागून एक.

आता हम्बोल्टकडे पाहा. ही नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि डोंगररांगांमधील फटींतून वाट काढते. आजचा महामार्ग तिच्या खोऱ्याने वेल्सपासून लव्हलॉकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर जातो. एवढ्या अंतरात जमीन केवळ ५०० मीटर उतरते, म्हणजे ८०० मीटरला सुमारे १ मीटर. वाफेच्या इंजिनाला वारंवार लागणारे पाणीही नदीने पुरवले. ज्यांच्या नावाने ही नदी ओळखली जाते त्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी ती कधी पाहिली नव्हती. पण डोंगर, हवामान आणि वनस्पती यांचा एकत्र विचार करायला शिकवणाऱ्या त्या शास्त्रज्ञाचे नाव तिला शोभते खरे.

थोडक्यात, वाहणारे ओझे बदलले की जवळची वाट बदलते. पोनी एक्सप्रेसचा स्वार नऊ-दहा किलो टपाल नेई, त्याला चढाची फिकीर नव्हती. तारेतून जाणाऱ्या संदेशाला वजनच नाही. तेथे फक्त तारेची लांबी मोजायची. म्हणून या दोघांनी मध्य मार्ग घेतला. हजारो टनांचे ओझे ओढणाऱ्या रेल्वेने नदी धरली.

आपले हे स्पष्टीकरण तपासून पाहण्याची सोयही इतिहासाने केली आहे. १८६२ मध्ये पोनी एक्सप्रेसच्या एका माजी कर्मचाऱ्याला चांदीचे खनिज सापडले आणि ऑस्टिन गाव उभे राहिले. १८६४ मध्ये युरेका येथे चांदी व शिसे सापडले. या गावांना रेल्वे हवी होती. ती कोणत्या दिशेने आली? १८७५ मध्ये युरेकाला आणि १८८० मध्ये ऑस्टिनला पोचलेले अरुंद लोहमार्ग दोन्ही उत्तरेकडून, हम्बोल्टकाठच्या मुख्य मार्गापासून निघून, खोऱ्यांतून दक्षिणेला आले. डोंगरांना समांतर जाण्याचा मार्ग त्यांनी निवडला. १९३८ मध्ये दोन्ही बंद झाले.

डोंगर उघडे पडले

युरेकाची कहाणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तेथील खनिजातून चांदी व शिसे वेगळे करायला मोठ्या भट्ट्या लागत आणि भट्ट्यांना लाकडी कोळसा लागे. आसपासच्या डोंगरांवरचे पिनियन पाइन आणि जुनिपर तोडून कोळसा पाडला जाऊ लागला. जवळचे जंगल संपले, मग दूरचे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस कोळसा पन्नास-पन्नास किलोमीटरवरून आणावा लागत होता. हे काम करणारे बहुतेक इटालियन भाषक स्थलांतरित होते. कोळशाच्या दरावरून त्यांचे भट्टीमालकांशी भांडण जुंपले आणि ऑगस्ट १८७९ मध्ये शेरिफच्या माणसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी पाच जण मारले गेले. ईलीच्या दक्षिणेला वॉर्ड येथे मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या सहा दगडी कोळसाभट्ट्या आजही शाबूत आहेत. चांदीची गणती सरकारी दप्तरात सापडते. त्या डोंगरांवर जगणाऱ्यांचा पाइनच्या बियांचा साठा किती घटला, याची नोंद कोणी ठेवली नाही.

मोटार आली

१९१३ मध्ये कार्ल फिशर आणि मोटारधंद्यातील त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा 'लिंकन हायवे' आखला. नेव्हाडात त्यांनी ईली, युरेका, ऑस्टिन, फॅलन हा मध्य मार्ग निवडला. मोटार म्हणजे तेव्हा हलके ओझे, आणि अंतर कमी होते. पण रस्ता म्हणजे बव्हंशी चाकोऱ्याच होत्या. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराचा ट्रकांचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोकडे या मार्गाने निघाला. त्याला ६२ दिवस लागले. युटाच्या खाऱ्या मैदानात आणि नेव्हाडाच्या वाळूत गाड्या रुतल्या. या तांड्यात ड्वाइट आयसेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये त्याने आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली.

१९२६ मध्ये देशातील रस्त्यांना क्रमांक मिळाले आणि हा रस्ता पन्नासावा झाला. परंतु १९२० च्या दशकातच युटाने आपली शक्ती उत्तरेकडच्या वेन्डोव्हर मार्गावर लावली होती, आणि त्याने वाहतूक हम्बोल्टच्या रस्त्याकडे वळवली. आंतरराज्य महामार्ग आखताना नदीकाठची वाटच पुढे चालवली गेली. येथेही वरचेच गणित लागू पडते. डांबरी रस्त्यावर ट्रकच्या टायरला टनामागे सुमारे १० किलोग्रॅम बल लागते. १०० ला ६ च्या चढावर ते ७० होते, म्हणजे सातपट. रस्ता चांगला करत गेलो, तसतसा ट्रक बैलगाडीपेक्षा रेल्वेच्या जवळ गेला. पूर्वेकडून येणारा ७० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग तर नेव्हाडापर्यंत पोचलाच नाही. तो युटातच संपतो.

हादरे

हा रस्ता एकाकी असला तरी स्तब्ध नाही. १६ डिसेंबर १९५४ रोजी फॅलनच्या पूर्वेला फेअरव्ह्यू शिखराजवळ ७.१ परिमाणाचा भूकंप झाला आणि चारच मिनिटांनी उत्तरेला डिक्सी खोऱ्यात ६.८ परिमाणाचा दुसरा. जमीन फाटून तयार झालेले, काही ठिकाणी तीन मीटरांहून उंच असलेले कडे महामार्गापासून थोड्या अंतरावर आजही पाहता येतात. डोंगर उंचावण्याची आणि खोरे खचण्याची एक पायरी त्या दिवशी लोकांच्या डोळ्यांदेखत पार पडली.

नऊ वर्षांनी याच प्रदेशात, फॅलनच्या आग्नेयेला सँड स्प्रिंग्ज डोंगररांगेत, माणसाने हादरा दिला. २६ ऑक्टोबर १९६३ रोजी तेथे १२ किलोटनाचा अणुस्फोट जमिनीखाली करण्यात आला. उद्देश असा की, भूकंपाच्या लहरी आणि चोरून केलेल्या अणुचाचणीच्या लहरी यांतील फरक ओळखता यावा. त्यासाठी जेथे भूकंप होतात तोच प्रदेश हवा होता. अणुचाचणीबंदीच्या करारांवर नजर ठेवणारे भूकंपशास्त्र अशा प्रयोगांतून वाढले. पण त्या जागेखालच्या भूजलावर आजही लक्ष ठेवावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

रस्त्याच्या पूर्व टोकाला ३,९८२ मीटर उंचीचे व्हीलर शिखर आहे. त्याच्या उतारांवर ब्रिसलकोन पाइनची झाडे हजारो वर्षे जगतात. १९६४ मध्ये संशोधनासाठी तेथील एक झाड कापले गेले, तेव्हा त्यात ४,८०० हून अधिक वलये निघाली. तोपर्यंत मोजलेल्या झाडांत ते सर्वांत वृद्ध होते. १९८६ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला.

म्हणजे ज्या वर्षी 'लाइफ'ने रस्त्याला एकाकी म्हटले, त्याच वर्षी. नेव्हाडाच्या पर्यटन खात्याने त्या शेऱ्याचा राग धरला नाही. त्यांनी तेच नाव पाट्यांवर लावले आणि गावोगाव शिक्के मारून घेण्याची पुस्तिका काढली. प्रवासी येऊ लागले. तरी पर्यटकांच्या पुस्तिकेने गावाचे गेलेले स्थान परत मिळत नाही. चांदीच्या काळात हजारोंची वस्ती असलेल्या ऑस्टिनमध्ये आज जेमतेम काही शे माणसे राहतात. ऑस्टिन हे लँडर परगण्याचे मुख्य ठिकाण होते. १९७९ मध्ये तो मान उत्तरेकडच्या बॅटल माउंटन या गावाला गेला. ते हम्बोल्टकाठी, लोहमार्गावर आणि ८० क्रमांकाच्या महामार्गावर आहे.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर वर दिलेल्या खिंडींच्या आणि खोऱ्यांच्या उंचींवरून रस्त्याचा उभा छेद आलेख-कागदावर काढून घ्यावा आणि त्याखाली हम्बोल्टच्या वाटेचा छेद काढावा. दोन रेषा शेजारी दिसल्या की बहुतेक गोष्टी विद्यार्थी स्वतःच सांगतील. त्यानंतर आपल्या गावाच्या रस्त्याकडे वळावे. तो येथूनच का गेला? पहिल्यांदा त्यावरून काय वाहून नेत असत? पाणी कोठे होते? नवा रस्ता झाला तेव्हा कोणते गाव बाजूला पडले आणि तेथील बाजार, शाळा, दवाखाना यांचे काय झाले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशात सापडतील. चौथ्यासाठी मात्र त्या गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागेल.